वाचकांचे प्रश्न : व्यापारातील तंटे जिनिव्हात लढावेत की बैठकीत मिटवावेत?

गेल्या अंकातील ऊसदरावरील लेखात जिनिव्हातील जागतिक व्यापार संघटनेपुढील साखरेच्या वादाचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर चिकोडी, निपाणी, अथणी, खानापूर आणि खुद्द बेळगाव शहरातून पत्रे आली. शब्द वेगळे असले तरी बहुतेकांची विचारणा एकाच गोष्टीची आहे : दोन देशांत व्यापारावरून भांडण जुंपले, तर ते वकील देऊन लढवावे की समोरासमोर बसून मिटवावे? सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून, शक्य तेथे सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न (चिकोडी तालुक्यातील एक ऊस उत्पादक) : उसाचा एफआरपी, म्हणजे कायद्याने बांधलेला किमान दर, केंद्र सरकार जाहीर करते, परंतु बिल देतो तो कारखाना. सरकारी तिजोरीतून आमच्या खात्यावर एक रुपयाही येत नाही. मग हे अनुदान आहे असे म्हणून ब्राझील आणि ऑस्ट्रेलियाने भारताविरुद्ध तक्रार कशी केली? भारत त्यात हरला असे ऐकतो. आमचा दर धोक्यात आहे काय?

उत्तर : आपण जो मुद्दा मांडला आहे, तोच भारताने जिनिव्हात आपल्या बचावासाठी मांडला होता. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी २०१९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तक्रारी नोंदवल्या. सरकार कायद्याने बांधून देत असलेला उसाचा दर शेतकऱ्याला मर्यादेपेक्षा अधिक आधार देतो, हा तक्रारीचा एक भाग होता. साखर निर्यातीसाठी कारखान्यांना मिळणारे साहाय्य नियमबाह्य आहे, हा दुसरा. एफआरपीची रक्कम कारखाने देतात, सरकार ऊस विकत घेत नाही, तेव्हा याला सरकारी आधार म्हणता येणार नाही, असे भारताचे म्हणणे होते. हा वाद ऐकण्यासाठी संघटनेने नेमलेल्या पॅनेलने १४ डिसेंबर २०२१ च्या अहवालात ते फेटाळले. शेतीविषयक करारातील ‘बाजारभाव आधार’ या संज्ञेत सरकारने स्वतः खरेदी केलीच पाहिजे अशी अट नाही, असा अर्थ पॅनेलने लावला. विकसनशील देशांना एखाद्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत असा आधार देता येतो. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत भारताने ती मर्यादा ओलांडली, असा पॅनेलचा निष्कर्ष होता.

येथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. हा आधार मोजण्याच्या मूळ सूत्रात सरकारने ठरवलेल्या आजच्या दराची तुलना १९८६ ते १९८८ या काळातील किमतीशी केली जाते. त्या काळात डिझेल, खत, तोडणी आणि वाहतूक यांना किती खर्च येत होता, हे आपल्या तालुक्यातील कोणत्याही जुन्या शेतकऱ्याला विचारावे. साडेतीन दशकांच्या महागाईकडे पाठ फिरवणाऱ्या सूत्रातून निघालेला निष्कर्ष कराराच्या अक्षराला धरून असला, तरी तो न्यायाचा वाटत नाही. भारतासह अनेक विकसनशील देश हे सूत्र बदलावे म्हणून वर्षानुवर्षे मागणी करत आहेत. पॅनेल ते बदलू शकत नाही, कारण लिहिलेल्या कराराचा अर्थ लावणे एवढेच त्याच्या हाती असते. करार बदलायचा असेल, तर सदस्य देशांनी एकत्र बसून तो पुन्हा लिहावा लागतो, आणि हे काम वाटाघाटींचेच आहे.

आता आपल्या दराविषयी. पॅनेलच्या अहवालाविरुद्ध भारताने अपील केले. मात्र संघटनेचे सात सदस्यांचे अपिली मंडळ तेव्हाच बंद पडलेले होते. रिकाम्या जागांवर नेमणुका करण्यास अमेरिकेने संमती नाकारल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून मंडळाला अपील ऐकण्यापुरते तीन सदस्यही उरले नाहीत. परिणामी साखरेचा अहवाल कायमही झाला नाही आणि रद्दही झाला नाही. शिवाय जिनिव्हातील निकाल आपल्याकडील कारखान्याला किंवा शेतकऱ्याला थेट लागू होत नाही. तो देशाला उद्देशून असतो, आणि देशाने तो पाळला नाही तर तक्रारदार देश त्याच्या मालावर जादा शुल्क लावण्याची परवानगी मागू शकतो. एफआरपी २०१८-१९ च्या हंगामात १० टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे २७५ रुपये होता. २०२५-२६ साठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला ३५५ रुपये आहे. म्हणजे हा वाद चालू असतानाही दर वाढतच गेला. तूर्त तरी जिनिव्हामुळे आपले बिल कमी होईल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

तरीही हा वाद लोंबकळत ठेवणे आपल्या हिताचे नाही, आणि तो मिटवण्याचा खरा रस्ता अपिलाच्या फायलीतून जात नाही, असे माझे मत आहे. ब्राझीलचे दुखणे समजून घेतले तर ते उघड होते. भारतातील अतिरिक्त साखर सरकारी साहाय्याने बाहेर पडली की जगातील भाव खाली येतात आणि ब्राझीलच्या कारखानदाराला झळ बसते. तीच अतिरिक्त साखर बाहेर न जाता तिचा ऊस इथेनॉलकडे वळला, तर तक्रारीचे मूळच सैल होते. भारताने जून २०२२ पासून साखर निर्यातीवर निर्बंध घातले आणि पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले. उसापासूनच्या इथेनॉलचा ब्राझीलला अनेक दशकांचा अनुभव आहे. ९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीतील जी-२० परिषदेच्या वेळी जागतिक जैवइंधन आघाडीची घोषणा झाली, तेव्हा भारत आणि ब्राझील त्यात पुढाकार घेणाऱ्यांमध्ये होते. इथेनॉलच्या तंत्रज्ञानात सहकार्य करून साखरेचा वाद परस्परसंमतीने संपवावा, अशी बोलणी चालू असल्याच्या बातम्याही त्याच वर्षी आल्या होत्या. एकमेकांवर तक्रार करणाऱ्या दोन ऊस उत्पादक देशांना एकाच गोष्टीत लाभ दिसू लागला, तर पॅनेलला शंभर पाने लिहून जे साधत नाही ते साधू शकते.

याचा अर्थ नुसते बोलल्याने सर्व मिळते, असा मात्र घेऊ नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातील गुर्लापूर येथे ऊस उत्पादक रस्त्यावर बसले, तेव्हा अखेर बंगळूरच्या बैठकीतच टनाला ३,३०० रुपयांचा तोडगा निघाला. बैठकीने प्रश्न सुटला हे खरे. पण शेतकरी रस्त्यावर बसले नसते तर ती बैठक झाली असती का, याचे उत्तर आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. देशादेशांच्या वाटाघाटींतही हाच व्यवहार असतो.

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव येथील फाउंड्रीचालक) : आमचे कास्टिंग कोल्हापूर आणि पुण्याच्या कारखान्यांमार्फत अमेरिकेला जाते. अमेरिकेने पोलाद आणि ॲल्युमिनियमवर लावलेल्या शुल्कानंतर ऑर्डर कमी झाल्या आहेत. हे शुल्क नियमबाह्य आहे असे सर्वजण म्हणतात, मग भारत सरळ खटला जिंकून मोकळा का होत नाही?

उत्तर : कारण हा खटला ज्यांनी जिंकला, त्यांच्या हाती काय आले ते आपल्यासमोर आहे. अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण पुढे करून मार्च २०१८ मध्ये पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के जादा शुल्क लावले. चीन, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि तुर्कस्तान यांनी तक्रारी चालवल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये चारही पॅनेलनी अमेरिकेविरुद्ध निष्कर्ष दिले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेने बंद पडलेल्या अपिली मंडळाकडे अपील केले आणि ते निकाल तेथेच अडकले. जिंकलेल्या देशांच्या निर्यातदारांना त्या निकालाने एक डॉलरही मिळवून दिला नाही.

भारताचा मार्ग वेगळा होता. भारताने मे २०१८ मध्ये तक्रार केली. जून २०१९ मध्ये बदाम, सफरचंद, अक्रोड, हरभरा, मसूर अशा २८ अमेरिकी वस्तूंवर जादा शुल्क लावले, आणि त्याविरुद्ध अमेरिकेनेही तक्रार केली. दोन्ही बाजूंनी चार वर्षे कागद लढवल्यावर, जून २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या अमेरिका भेटीच्या वेळी, हे दोन आणि आणखी चार असे सहा वाद परस्परसंमतीने संपवण्याचे ठरले. भारताने आठ वस्तूंवरील जादा शुल्क मागे घेतले, आणि भारतीय पोलादाच्या ७० टक्के व ॲल्युमिनियमच्या ८० टक्के अर्जांना शुल्कातून सूट देण्याचे अमेरिकेने मान्य केले. सप्टेंबरमध्ये कुक्कुटमालाचा सातवा वादही मिटला. तो २०१२ पासूनचा होता आणि त्यात भारत पॅनेलपुढे व अपिलातही हरला होता. गोठवलेली टर्की व बदक, ब्लूबेरी, क्रॅनबेरी अशा मालावरील शुल्क भारताने कमी केले आणि अमेरिकेच्या जादा शुल्काची टांगती तलवार दूर झाली. सात वादांची ही निरवानिरव एकाही नव्या निकालाविना झाली, ही मोलाची गोष्ट आहे.

मात्र आपली झळ ताजी आहे, म्हणून या गोष्टीचा पुढचा भागही स्पष्ट सांगितला पाहिजे. २०२५ मध्ये अमेरिकेने त्या सवलतींची पद्धतच बंद केली. मार्चमध्ये दोन्ही धातूंवर २५ टक्के आणि जूनमध्ये ५० टक्के शुल्क आले. वाटाघाटीतून मिळालेला शब्द दुसऱ्या पक्षाचे सरकार बदलले की बदलू शकतो. मे २०२५ मध्ये भारताने अमेरिकी मालावरील सवलती स्थगित करण्याचा, म्हणजे त्यावर जादा शुल्क लावण्याचा, आपला हक्क राखून ठेवत असल्याची सूचना जागतिक व्यापार संघटनेला दिली आणि त्याच काळात द्विपक्षीय व्यापार कराराची बोलणीही चालू ठेवली. कायद्यातील हक्क नोंदवून ठेवायचा आणि बैठक मोडू द्यायची नाही, हा क्रम मला योग्य वाटतो. आपल्या फाउंड्रीला त्याने उद्या ऑर्डर मिळेल असे खोटे आश्वासन मी देणार नाही. पण खटला दाखल करून हात झटकले असते, तर आज बोलणी करण्याचा मुद्दाही हाती उरला नसता.

प्रश्न (निपाणी येथील तंबाखू व्यापारी) : एखादा देश जिंकला आणि समोरच्याने निकाल पाळला, असे घडतच नाही काय?

उत्तर : पुष्कळदा घडते, आणि संघटनेच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक निकाल पाळले गेले. परंतु आपल्या व्यवसायाशी निगडित एक उदाहरण उलटे आहे. अमेरिकेने २००९ च्या कायद्याने लवंग व इतर स्वादांच्या सिगारेटींवर बंदी घातली आणि पुदिन्याच्या स्वादाच्या, म्हणजे मेंथॉलच्या, सिगारेटी मात्र वगळल्या. लवंगेच्या सिगारेटी मुख्यतः इंडोनेशियातून येत, तर मेंथॉलच्या अमेरिकेतच बनत. हा भेदभाव आहे, ही इंडोनेशियाची तक्रार २०१२ मध्ये अपिली मंडळानेही मान्य केली. पुढे २०१४ मध्ये दोन्ही देशांत समझोता झाला. पण लवंगेच्या सिगारेटी अमेरिकेच्या बाजारात परतल्या नाहीत.

कापसाच्या वादात ब्राझीलने अधिक कसब दाखवले. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध त्याने २००२ मध्ये तक्रार केली, २००५ मध्ये अपिलातही विजय मिळवला आणि २००९ मध्ये अमेरिकी मालावर जादा शुल्क लावण्याची परवानगी मिळवली. ती परवानगी हाती ठेवून ब्राझील वाटाघाटीला बसला. २०१० पासून अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४.७३ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटला. संघटनेच्या नियमांत मागील नुकसानीची भरपाई मिळण्याची सोय नाही. निकाल फक्त पुढच्या वागणुकीपुरता असतो. ब्राझीलच्या शेतकऱ्यांकडे पैसा आला तो समझोत्यामुळे, आणि समझोता झाला तो हातातील निकालामुळे.

प्रश्न (खानापूर येथील काजू प्रक्रिया व्यावसायिक) : आम्ही आफ्रिकेतून काजू बी मागवतो. गेल्या वर्षी एका खेपेतील माल ओला निघाला, उतारा कमी पडला आणि विक्रेता दाद देत नाही. जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार कशी करावी?

उत्तर : तेथे आपल्याला तक्रार करता येणार नाही. संघटनेपुढे फक्त सरकारे उभी राहतात, आणि तीही दुसऱ्या सरकारच्या नियमाविरुद्ध किंवा शुल्काविरुद्ध. आपले भांडण दोन व्यापाऱ्यांमधील कराराचे आहे. सर्वप्रथम आपल्या खरेदी करारात लवादाचे कलम आहे का, असल्यास कोणत्या शहरातील आणि कोणत्या नियमांनुसार, हे पाहावे. १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे परदेशी लवादाचा निवाडा बहुतेक देशांत अमलात आणता येतो, तर भारतीय न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन आफ्रिकेत वसुली करणे फार कठीण असते. मात्र लवादाचा खर्च एका खेपेच्या नुकसानीपेक्षा जास्त होऊ शकतो. म्हणून त्याआधी विदेश व्यापार महासंचालनालयाकडे अर्ज करावा. मालाचा दर्जा आणि व्यापारी तंटे यांसाठी त्यांच्या धोरणात स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यासाठी समित्याही आहेत. त्या देशातील भारतीय दूतावासाच्या व्यापार विभागालाही सर्व कागदांसह पत्र लिहावे. बंदरावर घेतलेले नमुने, ओलाव्याचा दाखला आणि उताऱ्याचा अहवाल जोडल्याशिवाय ते पत्र पाठवू नये. पुढच्या करारात, वाद झाल्यास प्रथम मध्यस्थीचा प्रयत्न आणि तो फसल्यास लवाद, असे कलम घालून घ्यावे. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात अशा समझोत्याला कायदेशीर बळ देण्याची तरतूद आहे.

प्रश्न (बेळगाव येथील कायद्याची विद्यार्थिनी) : नियम लिहिलेले असताना तडजोड करणे म्हणजे बलवान देशापुढे मान तुकवणे नव्हे काय? लहान देशाला न्यायासनापुढेच बरोबरीची जागा मिळते, असे आम्हाला शिकवले जाते.

उत्तर : तुम्हाला जे शिकवले जाते ते चूक नाही. परंतु ज्या नियमावलीचा तुम्ही आधार घेता, तीच समझोत्याला पहिली पसंती देते. जागतिक व्यापार संघटनेबरोबर १ जानेवारी १९९५ पासून लागू झालेल्या तंटा निवारणाच्या नियमांत, दोन्ही पक्षांना मान्य आणि करारांशी सुसंगत असा तोडगा अधिक श्रेयस्कर, असे स्पष्ट म्हटले आहे. तक्रारदाराला सरळ पॅनेलकडे जाताच येत नाही. त्याने प्रथम विचारविनिमयाची मागणी करायची, समोरच्या देशाने १० दिवसांत उत्तर द्यायचे, ३० दिवसांत बोलणी सुरू करायची, आणि ६० दिवसांत वाद मिटला नाही तरच पॅनेल मागता येते. महासंचालकांमार्फत मध्यस्थीचीही सोय आहे. आजवर नोंदलेल्या ६०० हून अधिक वादांपैकी मोठा भाग पॅनेलच्या निकालापर्यंत गेलेलाच नाही.

लहान देशाचा मुद्दा तुम्ही उपस्थित केला, म्हणून बांगलादेशाची गोष्ट सांगतो. भारताने तेथून येणाऱ्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांवर डंपिंगविरोधी, म्हणजे माल अवाजवी स्वस्तात ओतला जातो या कारणावरून लावायचे, शुल्क लावले होते. जानेवारी २००४ मध्ये बांगलादेशाने विचारविनिमयाची मागणी केली. अतिशय गरीब म्हणून वर्गीकृत देशाने संघटनेत केलेली ती पहिलीच तक्रार होती. भारताने बोलणी केली, आपली बाजू पुन्हा तपासली आणि जानेवारी २००५ मध्ये शुल्क मागे घेतले. पॅनेल नेमण्याची वेळ आलीच नाही. येथे लहान देशाला नियमामुळे समोर बसण्याचा हक्क मिळाला आणि मोठ्या शेजाऱ्याने ताणून धरले नाही. भारताचा नागरिक म्हणून या प्रसंगाचा मला अभिमान वाटतो.

भारतालाही हाच मार्ग उपयोगी पडला आहे. डिसेंबर २००८ मध्ये भारतातून ब्राझीलला जाणाऱ्या रक्तदाबावरील औषधाचा साठा ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर पेटंटच्या कारणावरून अडवण्यात आला. तो माल युरोपात विकायचा नव्हता, फक्त तेथून पुढे जायचा होता. भारताने मे २०१० मध्ये युरोपीय संघ आणि नेदरलँड्सविरुद्ध विचारविनिमयाची मागणी केली, ब्राझीलनेही वेगळी तक्रार केली, आणि जुलै २०११ मध्ये समझोता झाला. केवळ वाटेत थांबलेला औषधांचा माल अशा प्रकारे अडवायचा नाही, हे तत्त्व युरोपने मान्य केले. पॅनेलकडे गेलो असतो तर कदाचित भक्कम निकाल मिळाला असता, पण दोन-तीन वर्षे औषधांच्या खेपा अनिश्चिततेत राहिल्या असत्या.

याउलट, बोलणी नाकारली गेली की काय होते, हे भारताने १९९७ ते २००१ या काळात अनुभवले. परकीय चलनाच्या टंचाईचे कारण देऊन भारताने २,७०० हून अधिक प्रकारच्या मालाच्या आयातीवर संख्यात्मक निर्बंध ठेवले होते. सहा सदस्यांनी त्यावर आक्षेप घेतला. युरोपीय संघ, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि स्वित्झर्लंड यांच्याशी बोलणी होऊन निर्बंध २००३ पर्यंत टप्प्याटप्प्याने उठवण्याचे ठरले. अमेरिकेला ती मुदत मान्य झाली नाही. ती पॅनेलकडे गेली, १९९९ मध्ये अपिलातही जिंकली, आणि भारताला १ एप्रिल २००१ पर्यंत सर्व निर्बंध उठवावे लागले. अखेरच्या ७१५ वस्तू त्या दिवशी खुल्या झाल्या. वाटाघाटीत मिळालेली जवळजवळ दोन वर्षांची उसंत खटल्यात गेली. ज्या लहान कारखान्यांना त्या काळात यंत्रे बदलायची होती, त्यांच्यासाठी दोन वर्षे म्हणजे काय, हे आपल्या औद्योगिक वसाहतीतील ज्येष्ठांना विचारावे.

म्हणून माझे उत्तर असे आहे : नियम नसतील तर तडजोड म्हणजे मान तुकवणे ठरते, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. सीमेपलीकडील चंदगड-गडहिंग्लजच्या गावांत २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम चालली. तेथेही समितीपुढे गरीब माणूस धीराने बोलू शकला तो कोर्टाचा दरवाजा उघडा होता म्हणूनच. अपिली मंडळ बंद पडल्याची मला जी चिंता वाटते, ती याच कारणाने. त्याच्या अभावी खटले तर अडलेच, शिवाय वाटाघाटींतही दुर्बल देशाचा आवाज खाली आला आहे. ते मंडळ पुन्हा उभे करण्याची भारताची मागणी योग्य आहे आणि भारताने ती सोडू नये.

प्रश्न (बेळगाव शहरातील एक ज्येष्ठ वाचक) : आमचा सीमाप्रश्न १९५६ पासूनचा, आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. न्यायालयाने वेळेवर सुटत नाही, बैठकांनीही सुटत नाही. मग देशादेशांचे तंटे कोणत्या मार्गाने सुटावेत, असे आपल्याला वाटते?

उत्तर : आपल्या प्रश्नामागील वेदना या भागात राहणाऱ्या प्रत्येकाला कळते. तरीही ही तुलना एका जागी थांबते. दोन राज्यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय दोघांवरही बंधनकारक असतो, आणि तो अमलात आणणारी एक राज्यव्यवस्था वर असते. दोन देशांच्या वर तशी कोणतीही सत्ता नाही. निकाल लागल्यावरही तो पाळायला लावण्यासाठी अखेर पुन्हा बोलावेच लागते. म्हणूनच व्यापारात बोलणी आधी करणे शहाणपणाचे, असे मी म्हणतो. सीमाप्रश्नाविषयी मी येथे तसे विधान करणार नाही, कारण तो विषय या सदराच्या एका परिच्छेदात मावणारा नाही.

प्रश्न (अथणी तालुक्यातील द्राक्ष बागायतदार) : वाटाघाटी दिल्लीत बंद दाराआड होतात. तेथे काय देऊन काय घेतले हे आम्हाला नंतर वर्तमानपत्रातून कळते. द्राक्ष आणि बेदाणा उत्पादकांना त्यात बोलण्याची संधी कशी मिळावी?

उत्तर : वाटाघाटींच्या मार्गावरील माझा सर्वात मोठा आक्षेप आपण नेमका पकडला आहे. खटल्याची कागदपत्रे काही प्रमाणात तरी उघड होतात आणि निकालाची कारणे लिहिलेली असतात. समझोत्यात कोणाचे हित कोणासाठी सोडले, हे लिहिलेले नसते. २०२३ च्या ज्या समझोत्याचा वर उल्लेख केला, त्यात पोलाद निर्यातदारांना सवलत मिळाली आणि अमेरिकी सफरचंदावरील २० टक्के जादा शुल्क उठले. मूळचे ५० टक्के शुल्क कायम होते, हे सरकारने सांगितले. तरीही हिमाचल आणि काश्मीरच्या बागायतदारांनी नाराजी व्यक्त केली, आणि ती समजण्यासारखी होती. शुल्क उठवण्यापूर्वी त्यांच्याशी बोलणे अशक्य नव्हते. उद्या दुसऱ्या कोणत्या करारात बेदाण्याचा प्रश्न आला, तर तासगाव, विजापूर आणि अथणीच्या उत्पादकांनी आधीच आपले म्हणणे आकडेवारीसह वाणिज्य मंत्रालयाकडे आणि आपल्या खासदारांकडे लेखी दिलेले असावे, असे मला तळमळीने सांगावेसे वाटते. उत्पादन खर्च, शीतगृहातील साठा, आयात मालाचा बाजारातील भाव या तीन गोष्टी दर हंगामाला नोंदवून ठेवल्या, तर त्या निवेदनाला वजन येते.

निर्यातीच्या बाजूने आपला वाटा याहून थेट आहे. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा, अळू, कारली, पडवळ आणि वांगी यांची आयात थांबवली होती, कारण खेपांमध्ये फळमाशी आणि इतर कीड सापडली होती. भारत खटल्याच्या वाटेला गेला नाही. निर्यातीचा माल मान्यताप्राप्त पॅकहाउसमधूनच तपासून पाठवण्याची व्यवस्था केली, युरोपच्या तपासनिसांना ती दाखवली, आणि २०१५ च्या हंगामाआधीच आंब्यावरील बंदी उठली. त्याआधी अमेरिकेचा बाजार भारतीय आंब्याला १९८९ पासून बंद होता. तो २००७ मध्ये उघडला, तेव्हा लासलगावच्या केंद्रात विकिरण केलेला आंबा तेथे गेला. दोन्ही वेळा मुत्सद्द्यांच्या हातात दाखवण्याजोगे काम होते, आणि ते काम बागेत व पॅकहाउसमध्ये झाले होते.

अशा तक्रारी मांडण्यासाठी जिनिव्हात अन्नसुरक्षा आणि पीक आरोग्यविषयक समिती आहे. वर्षातून साधारण तीन वेळा तिची बैठक होते आणि एखाद्या देशाचा कीटकनाशक अवशेषांचा नियम जाचक वाटला, तर दुसरा देश तेथे तो प्रश्न उपस्थित करतो. शेकडो प्रश्न तेथे मांडले गेले आहेत आणि त्यांतील बरेच खटल्याविनाच निकाली निघाले आहेत. भारताच्या प्रतिनिधीला तेथे बोलायचे असेल, तर आपल्या बागेतील फवारणीची नोंदवही, प्रयोगशाळेचा अवशेष अहवाल आणि अडवलेल्या खेपेची तारीख एवढे तरी त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. निर्यातीची बाग असल्यास अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या शेतीमाल निर्यात विकास प्राधिकरणाच्या, ग्रेपनेट या नोंदणी प्रणालीवर तिची नोंदणी छाटणीच्या हंगामातच करून घ्यावी, आणि एखादी खेप परत आल्यास नकाराच्या पत्राची प्रत त्याच आठवड्यात अपेडाकडे पाठवावी.